सात बाटल्यांचं रॉकेट

एकाच मापाची सात नाणी घ्या. एक मधे ठेवा आणि बाकीची सहा त्याच्याभोवती लावा. सहाही मधल्याला टेकतात, शेजारच्यालाही टेकतात, शेजारच्या दोघांत कुठे फट राहत नाही आणि कोणाला सरकायला जागाही उरत नाही. पाच लावली तर मोकळं राहतं, सात लावायला गेलं तर शेवटचं बसतच नाही. रुपयाची घ्या नाहीतर दहाची, उत्तर सहाच. कारण शाळेतलंच आहे, तीन सारखी वर्तुळं एकमेकांना टेकली की त्यांच्या केंद्रांचा समभुज त्रिकोण होतो, त्याचा कोन 60 अंश, आणि असे सहा कोन मधल्या नाण्याभोवती मांडले की बरोबर 360. पण कारण माहीत असूनही प्रत्यक्ष लावून बघितलं की दरवेळी भारी वाटतं.

आमचं रॉकेट इथूनच निघालं. माझं जळगाव जिल्ह्यात चोपड्याला ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, लॅटरल, जॉइनर, ग्रोमेट, एंड कॅप, बॉल वॉल्व, सगळं गोल गोल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली की भाची पण येते, ती नववीत, आणि दुपारी घरात सगळे झोपलेले असताना ती दुकानात येऊन बसते आणि पाईपांचे तुकडे काउंटरवर मांडत राहते. असंच मांडता मांडता ती म्हणाली, मामा, कोणताही पाईप घेतला तरी बाजूने सहाच बसतात. मी नळ्यांच्या पंखांचे रॉकेट फोटोत बघितले होते, बाहेरच्या देशांत मॉडेल रॉकेट उडवणारे लोक करतात तसले, त्यांना ट्यूब फिन म्हणतात. तिला दाखवले. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली हे आपण बाटल्यांचं करू. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या सात बाटल्या, मधली बाटली रॉकेट, बाकीच्या सहांचं वरखालचं कापून टाकायचं आणि फक्त मधली सरळ नळी ठेवायची, त्या सहा नळ्या मधलीच्या शेपटीकडे गोल चिकटवायच्या. सगळ्या सारख्याच, त्यामुळे बसणारच, मोजमापच करायला नको.

मला ही आयडिया ऐकताक्षणी आवडली आणि अजूनही आवडते.

रॉकेट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, वर टोक, मधे लांब नळा, खाली तीन-चार तिकोनी सपाट पंख. शाळेच्या भिंतीवर तेच, वहीच्या कव्हरवर तेच. हे पंख लावताना खरी कटकट सरळपणाची असते. तीन असतील तर 120 अंशावर, चार असतील तर 90 वर, आणि प्रत्येक पंख बॉडीच्या अक्षाला एकदम समांतर पाहिजे, एखादा जरा तिरपा लागला की रॉकेट वर जाताना गरगर फिरतं. त्यात बाटली गोल आणि गुळगुळीत, तिच्यावर पातळ पुठ्ठ्याची कड उभी चिकटवायची म्हणजे पंख पहिल्याच आपटीत निघणार. नळ्यांना यातलं काही लागत नाही. नळी बाटलीला लांबीभर टेकली की तिची दिशा ठरली, सहा नळ्या एकमेकींना टेकल्या की सगळ्यांची जागा ठरली. आणि सहाही एकमेकींना धरून ठेवतात त्यामुळे एक निघायची म्हटली तरी बाकीच्या निघू देत नाहीत. आमच्याकडच्या नांगरलेल्या वावरात, उन्हाने दगडासारख्या झालेल्या ढेकळांवर पडायचं असेल तर ही फार मोठी गोष्ट आहे.

आता हे रॉकेट उडतं कशावर, तर पाणी आणि हवेवर. हे मुद्दाम सांगतो कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात, फटाक्याची दारू भरता का. नाही भरत. बाहेर जी मॉडेल रॉकेट उडतात त्यांची छोटी घन इंधनाची इंजिनं कारखान्यातून तयार होऊन येतात, आणि ती तशी का येतात त्याला इतिहास आहे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावात ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा चपला-बुटांच्या दुकानाचा मालक होता, त्याने 1954 च्या सुमारास भावाच्या मदतीने बदलता येणारं छोटं इंजिन आणि हलकं कागदी रॉकेट बनवलं. मग 4 ऑक्टोबर 1957 ला स्पुटनिक, रशियाचा आणि जगातला पहिला कृत्रिम उपग्रह, वर गेला आणि तिकडची पोरं घरीच पाईपात रसायनं ठासून रॉकेट करायला लागली, कोणाची बोटं गेली, कोणाचे डोळे. हॅरी स्टाइन नावाचा रॉकेट इंजिनियर स्पुटनिकच्या आधीपासूनच याच धोक्याबद्दल लिहीत होता, ते वाचून कार्लाइलने त्याला आपली रॉकेटं पाठवली आणि त्यातून सगळा छंद उभा राहिला, ज्याचा मूळ नियमच असा की इंजिन घरी करायचं नाही. बॉडी तुमची, पंख तुमचे, आकार तुमचा, इंजिन तेवढं कारखान्याचं. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे स्फोटकांचा 1884 चा कायदा आहे, 2008 चे नियम आहेत, त्यावर लक्ष ठेवणारं केंद्राचं मुख्य ऑफिस नागपूरलाच आहे, आणि परवान्याशिवाय घरी दारू बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा नववीतल्या पोरीसोबत काही करायचं तर पाणी. आणि पाणी म्हणजे दुय्यम काहीतरी असं समजू नका, 2015 मध्ये केप टाऊन विद्यापीठाच्या टीमचं पाण्याचं रॉकेट 830 मीटर वर गेलं होतं.

बाटली मात्र कोल्ड्रिंकचीच लागते. लग्नात वाटतात त्या साध्या पाण्याच्या बाटल्या हातानेच चेपतात, त्यांना प्रेशर माहीतच नसतं. कोल्ड्रिंकची बाटली आतल्या गॅससाठीच बनवलेली असते, तिच्या बुडाला ते पाच पाय दिसतात ना ते दिसायला छान म्हणून नाहीत, सपाट बूड प्रेशरने फुगून बाहेर येईल म्हणून त्याला तसा घाट दिलेला असतो. आम्ही सव्वा लिटरच्या घेतल्या. कुठल्या कुठल्या हॉटेलातून, रसवंतीवाल्याकडून, आखाजीच्या पाहुण्यांकडून गोळा केल्या आणि एकाच मापाच्या सात जमवल्या, नाकासाठी आठवी. मधलीला एकही ओरखडा नको, तिच्यावर कटर चालवायचा नाही, गरम ग्लू गन लावायची नाही, कारण बाटलीचं पेट (PET) प्लास्टिक 70-75 अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि मऊ पडलेली जागा पुढे प्रेशरखाली तिथेच फुगते. म्हणून नळ्या डबल टेपने बसवल्या आणि वरून पारदर्शक पॅकिंग टेपचे घट्ट वेढे दिले. ऊन पण तेच करतं, आमच्याकडे मे मध्ये पारा 45 च्या वर जातो आणि तो सावलीतला, पत्र्याजवळ किंवा बंद गाडीत बाटली राहिली तर तिचं काय होईल सांगायला नको. म्हणून रॉकेट माठाच्या खोलीत ठेवायचं आणि उडवायचं ते सकाळी ऊन चढायच्या आत, वारा पण तेव्हाच पडलेला असतो.

बाटली तपासायची एक पद्धत आहे ती मला सगळ्यात सुंदर वाटते. बाटली काठोकाठ पाण्याने भरायची, हवा अजिबात ठेवायची नाही, आणि मग पंपाने उडवायच्या प्रेशरपेक्षा जास्त प्रेशर द्यायचं. फुटली तरी फक्त फच्च होतं, कारण पाणी दाबलं जात नाही, त्यात ताकद साठत नाही. हवेत साठते. तीच बाटली हवेने भरून फुटली तर कानठळ्या बसतील आणि तुकडे लागतील. म्हणजे धोका किती आहे हे प्रेशरच्या आकड्यावरून कळत नाही, आत काय दाबलंय त्यावरून कळतं. भाचीला हे एकदाच सांगावं लागलं, त्यानंतर पंपाजवळ कोणी लहान पोरगं आलं की तीच त्याला दहा-बारा पावलं मागे पाठवते.

आकाराचा खरा विषय पुढे आला तो तोल बघताना.

कोणालाही विचारा, रॉकेट सरळ जायला वजन कुठे पाहिजे, शंभरातले नव्वद म्हणतील खाली. खाली वजन असलं की वस्तू उभी राहते, हे आपण लहानपणापासून बघितलेलं. दुकानात आलेल्या जवळपास प्रत्येक गिऱ्हाइकाने आम्हाला हेच सांगितलं, बुडाला वजन बांधा. आबा, म्हणजे माझे वडील, तिथेच खुर्चीवर बसलेले असतात, त्यांनी आयुष्य केळीत काढलं. ते रॉकेट हातात घेऊन फिरवत राहिले, आधी विचारलं "हाई काय शे?", मग भाचीने सगळं समजावून सांगितल्यावर एवढंच म्हणाले, "वारा जठे धरस तठेच ढकलस." म्हणजे वारा जिथे धरतो तिथेच ढकलतो.

केळीच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. केळीचं खोड म्हणजे लाकूड नसतंच, पानांचे देठच एकमेकांवर गुंडाळलेले, मुळं उथळ, आणि वर मोठमोठी पानं आणि एका बाजूला लोंबणारा वीस-पंचवीस किलोचा घड. मे-जूनचं वादळ आलं की वारा पानांना धरतो आणि सगळी बाग आडवी. म्हणून आमच्याकडे बागेच्या कडेने शेवरी लावतात, गजराज गवत लावतात, घड आलेल्या झाडाला टेकू देतात. आणि झाड स्वतः पण करतं, पान शिरांच्या रेषेत फाटून घेतं, चिंध्या होतात पण वारा निघून जातो. रॉकेट म्हणजे हेच झाड पण उलटं धरायचं, घड पुढे आणि पानं मागे. हवेत असलेली वस्तू फिरते ती स्वतःच्या वजनाच्या मध्याभोवती. वारा तिला ज्या जागी सगळा मिळून धरतो ती जागा त्या मध्याच्या मागे असेल तर रॉकेट जरा तिरकं झालं की वारा शेपटी पुन्हा रांगेत ढकलतो. ती जागा पुढे असेल तर तोच वारा त्याला आणखी तिरकं करतो आणि रॉकेट कोलांट्या खातं. म्हणजे वजन नाकात आणि पसारा शेपटीत. बुडाला वजन बांधलं की संपलं.

यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही कारण हा फसवा हिशोब फार मोठ्या माणसालाही पटला होता. रॉबर्ट गॉडर्ड, द्रव इंधनावर चाललेलं जगातलं पहिलं रॉकेट ज्याने उडवलं तो. 16 मार्च 1926, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं ऑबर्न गाव, आणि जागा म्हणजे नात्यातल्या एका बाईचं शेत, जिला सगळे आन्ट एफी म्हणायचे. त्या रॉकेटचा फोटो बघाल तर ते रॉकेट वाटतच नाही. माणसापेक्षा उंच असा नळ्यांचा सांगाडा, इंजिन सगळ्यात वर आणि इंधनाच्या टाक्या खाली. इंजिन वरून ओढेल आणि खालचं वजन लोंबून सरळ राहील असा विचार त्यामागे होता. पण इंजिन सांगाड्यालाच बांधलेलं असतं, सांगाडा तिरका झाला की इंजिनचा जोर पण तितकाच तिरका होतो, तिथे लोंबून सरळ व्हायला काही राहतच नाही. ते रॉकेट अडीच सेकंद उडालं, 41 फूट वर गेलं आणि 184 फुटांवर गोठलेल्या कोबीच्या मळ्यात पडलं. पुढे गॉडर्डने इंजिन खाली आणलं. मी भाचीला तो फोटो दाखवला तेव्हा ती म्हणाली हे तर आपल्यापेक्षा विचित्र आहे, आणि कोबीच्या शेतात पडलं याचा तिला फार आनंद झाला, आपलं कापसाच्या वावरात पडेल म्हणून.

वारा सगळा मिळून कुठे धरतो ती जागा काढायच्या तीन पद्धती आम्ही करून बघितल्या. सगळ्यात सोपी म्हणजे रॉकेटची सावली पुठ्ठ्यावर काढायची, कापायची आणि तो पुठ्ठा पट्टीच्या कडेवर तोलायचा, जिथे तोलतो ती ढोबळ जागा. दुसरी गणिताची. जेम्स बॅरोमन नावाचा नासातला इंजिनियर, त्याने 1966 मध्ये मॉडेल रॉकेटवाल्यांसाठी समीकरणं मांडली, ती आजही सगळीकडे चालतात, आणि फिनलंडमधल्या सांपो निस्कानेन या विद्यार्थ्याने 2009 मध्ये आपल्या प्रबंधासाठी ओपनरॉकेट म्हणून फुकट सॉफ्टवेअर केलं ते मूळ त्याच समीकरणांवर उभं आहे. भाचीने दुकानाच्या कॉम्प्युटरवर ते उतरवून घेतलं आणि जीएसटीच्या फाइलींच्या शेजारी आता तिची रॉकेटं असतात. पण बॅरोमनची मूळ समीकरणं सपाट पंखांची. आपला आकार जितका वेगळा तितकं गणित पातळ होत जातं, आणि मग तिसरी पद्धत कामाला येते, दोरीची. रॉकेट रिकामं, म्हणजे पाणी नाही, नाकात वजन भरलेलं, तोल जिथे येतो तिथे दोरी बांधायची आणि मोकळ्या अंगणात डोक्यावरून गोल फिरवायचं. नाक पुढे करून फिरायला लागलं तर ते हवेत पण नाक पुढे ठेवेल. शेपटी पुढे करून फिरलं किंवा आडवं राहिलं तर नाकात अजून वजन.

नळ्यांची एक अडचण इथे कळते. सहा नळ्या म्हणजे वाऱ्याला धरायला भरपूर जागा मिळते, आतून आणि बाहेरून, पण त्यांचं स्वतःचं वजन पण शेपटीतच बसतं. त्यामुळे नाकात दुप्पट भरपाई लागते. आम्ही नाक आठव्या बाटलीच्या वरच्या भागाचं केलं, टोकाला अर्धा रबरी चेंडू लावला आणि आत पिशवीत बांधून काळी माती. घट्ट, चिकट, आमच्याच वावराची. चिमूट चिमूट वाढवत गेलो आणि एका टप्प्यावर अंगणात ते रॉकेट दोरीवर असं काही सरळ झालं, नाक पुढे, शेपटी मागे, जरा सुद्धा डळमळ नाही, की फिरवायचं थांबवावंसं वाटेना.

लाँचर तर आमच्या धंद्यातलाच. अर्ध्या इंची यूपीव्हीसी पाईप बाहेरून 21 मिलीमीटरच्या थोडा वर असतो आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीची मान आतून 22 च्या जरा आत, जणू दोघं एकमेकांसाठीच केलेले. पाईपावर एक ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, एंड कॅपमध्ये भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल्व, त्याला फूटपंप. बाटली खाली दाबून बसवायची आणि तिच्या मानेच्या कड्याला गोल लावलेल्या केबल टायची डोकी पकडून ठेवतात, त्या डोक्यांवरून जरा मोठ्या पाईपचा तुकडा टोपीसारखा सरकवलेला. दोरी ओढली की तुकडा खाली घसरतो, केबल टाय मोकळे होतात आणि बाटली सुटते. नळ्यांच्या मधे बाटलीएवढीच मोकळी जागा असते त्यामुळे हे सगळं आतल्या आत बसलं. दोरी लांब, ओढणारी बांधाच्या पलीकडे, आणि प्रेशर भरल्यावर कोणीही, अगदी कोणीही, रॉकेटवर वाकायचं नाही.

बाटलीचा तिसरा हिस्सा पाणी, 60 पीएसआय हवा. या प्रेशरला पाणी मानेतून सेकंदाला 28 मीटर वेगाने सुटतं, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर, आणि सुरुवातीला जोर साधारण 30 किलोचा. 30 किलो, आणि रॉकेट पाण्यासकट पाऊण किलोच्या आत. सगळं पाणी सेकंदाच्या दहाव्या हिस्स्यात बाहेर पडतं. डोळ्याला सुटलेलं दिसतच नाही, एक फटका ऐकू येतो, जमिनीवर पाण्याचा पांढरा खांब उभा दिसतो आणि मान वर करेपर्यंत रॉकेट गेलेलं असतं.

आम्ही गेलो ते कापूस काढून नांगरून ठेवलेल्या वावरात. पऱ्हाट्या बांधावर रचलेल्या, उत्तरेला सातपुडा सकाळी निळा असतो तसा. आखाजीमुळे माहेरवाशिणी सगळ्या गावात, झोक्यावर बसायचं सोडून त्या बघायला आल्या, लहान पोरं तर होतीच. पहिलं उड्डाण भाचीने मुद्दाम नाकातली माती काढून केलं. मी म्हटलं कशाला, तर म्हणाली वजन नसलं की काय होतं ते डोळ्यांनी बघायचंय, सगळ्यांना दाखवायचंय. बरोबरच होतं तिचं. रॉकेट घरापेक्षा थोडं वर गेलं आणि तिथे फिरायला लागलं, एक कोलांटी, दुसरी, सगळा वेग हवेतच सांडला आणि पान गळावं तसं आडवं येऊन ढेकळांवर पडलं. काही झालं नाही त्याला. आडवं फिरत पडणारी वस्तू हळूच पडते, काही छोटी मॉडेल रॉकेट तर मुद्दाम असंच उतरावं म्हणून बनवतात, पॅराशूटच लावत नाहीत.

मग माती भरली, पाणी भरलं, पंप मारला. तिने दोरी ओढली.

आता हे कसं सांगू. ते सरळ गेलं. नळ्यांतून आकाश दिसत होतं, सहा गोल आकाशाचे तुकडे वर वर चाललेले, रॉकेट जरा सुद्धा फिरलं नाही, मधाच्या पोळ्याचा तुकडा कापून वर फेकल्यासारखा आकार, पण फेकलेल्या वस्तूची डगमग त्यात नाही. वरच्या टोकाला पोचून थबकलं, मग नाक खाली वळलं आणि तसंच रांगेत खाली आलं, नळ्यांनी हवा धरून धरून, आणि नांगरटीत नाक रुतवून उभं राहिलं. ताई माझ्या शेजारीच उभी होती, ती ओरडली, "माय वं, कितलं वर ग्यं!" आबा काही बोलले नाहीत पण वावरात चालत जाऊन त्यांनी स्वतः ते काढून आणलं, नाकाची माती पुसली, सहाही नळ्या एकेक करून हाताने दाबून बघितल्या. सगळ्या घट्ट.

किती वर गेलं ते पण मोजलं. कोनमापकाला ओळंबा बांधायचा, लाँचरपासून 30 मीटरवर उभं राहायचं आणि सगळ्यात वरच्या जागी नजर लावायची. 45 अंश आला तर उंची 30 मीटर, वर आपल्या डोळ्याची उंची मिळवायची. हे काम ताईने घेतलं, शाळेत तिचा भूमितीत पहिला नंबर असायचा. तुलनेसाठी तीच बाटली, तेवढंच पाणी, तेवढीच हवा घेऊन चार सपाट पंखांचं रॉकेट पण केलं होतं. ते 45 च्या वर गेलं. नळ्यांचं 40 च्या आत राहिलं, म्हणजे साधारण 25 मीटर. नळीला आतून बाहेरून हवा घासते, त्यात दोन नळ्यांच्या सांध्यातल्या त्या तिकोनी खाचा, सगळं मिळून ओढ जास्त. उंचीच पाहिजे असेल तर सपाट पंखच लावा, यात दुमत नाही. पण वाऱ्यात मात्र सपाट पंखांचं एक उड्डाण वाकडं झालं आणि पडताना एक पंख तुटला, नळ्यांचं दरवेळी तसंच सरळ, आणि दरवेळी जसंच्या तसं परत.

दोघांपैकी मला कोणतं आवडलं हे विचारायची गरज नाही. मला वाटतं आकाराबद्दल आपण उगाच भित्रे असतो. चित्रात बघितलेलं रॉकेट म्हणजेच रॉकेट, तसं दिसलं नाही तर ते खेळणं, असं धरून चालतो. पण हवेला चित्र माहीत नाही. ती फक्त वजन कुठे आहे आणि मला धरायला जागा कुठे आहे एवढंच बघते, आणि तेवढं सांभाळलं तर तुम्ही नळ्या लावा, कडं लावा, बशी उडवा, पिरॅमिड उडवा. मॉडेल रॉकेटवाल्यांमध्ये अशा विचित्र आकारांना ऑडरॉक म्हणतात आणि त्यांचे खास चाहते आहेत, आता त्यात आम्ही पण. मोठ्या रॉकेटांना पण हेच लागू आहे, स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन 9 रॉकेटचा पहिला टप्पा परत उतरताना जे पंख उघडतो ते जाळीचे असतात, चुलीवर ठेवायच्या जाळीसारखे दिसतात, आणि तेच त्याला दिशा देतात. आमच्या गावात गोल पाईप आहेत, गोल बाटल्या आहेत, ठिबकचे सांधे आहेत, तर आमचं रॉकेट गोलांचंच होणार. ते दुसऱ्या कोणाच्या रॉकेटसारखं का दिसावं. भाचीने ते काउंटरवरच्या तुकड्यांमधून काढलं, यूट्यूबवर बघून नाही, आणि याचा मला त्या 25 मीटरपेक्षा जास्त अभिमान आहे.

सुट्टी संपून ती धुळ्याला परत गेली तेव्हा जाताना पुढच्या रॉकेटचं चित्र देऊन गेली. ते रिळाचं आहे. वायरचं रीळ असतं ना, दोन चकत्या आणि मधे नळा, तस्सं. पंख नाही, टोक नाही, काहीच नाही. असं रीळ उडतं, सपाट चकतीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि ती ओढच शेपटीचं काम करते. हे सॉफ्टवेअरला नीट समजावं म्हणून लोक एक युक्ती करतात, रिळाच्या मागे वजन नसलेला एक खोटा शंकू जोडतात, त्याची लांबी चकतीच्या व्यासाच्या पाय (π), म्हणजे 3.14 पट. 30 सेंटीमीटरची चकती घेतली तर 94 सेंटीमीटरचा शंकू. तिने ते करून बघितलंय, तोल जमतोय. चकत्या थर्माकोलच्या की फोम शीटच्या यावर रोज रात्री फोनवर चर्चा असते, मी फोम शीटच्या बाजूने आहे. जागेचा प्रश्न पण आहे, दिवाळीत वावरात कापूस उभा असतो, तेव्हा तापीच्या वाळूत जावं लागेल. आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सात बाटल्यांच्या रॉकेटमध्ये पाणी पहिल्या मीटर-दीड मीटरमध्येच संपतं आणि तोवर लाँचरचा पाईप त्याला थोडा धरून असतो, नंतर वजन नाकात जातं. रीळ एवढंसं बुटकं, त्यात पाणी मागच्या चकतीपाशी भरलेलं, म्हणजे सुटताना वजन नेमकं मागे. पाणी अजून कमी करावं की पाईप लांब घ्यावा, की बाटली चकत्यांच्या वर सरकवावी, तिच्या वहीत त्या जागी तीन वेगवेगळी चित्रं काढलेली आहेत आणि एकावरही अजून टिक केलेली नाही.